सूचना हाताला द्यायची : सवय सोडवण्यासाठी स्वसंमोहन

पतसंस्थेत काउंटरवर बसायचो तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास पहिली गर्दी ओसरली की माझा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा. मी त्याला पाठवलेलं नसायचं. पुडी निघायची, डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, डबीतून नखाएवढा चुना, मग अंगठ्याने मळणं, वरून दोन थापा, धूळ उडाली की खालच्या ओठाआड बार. हे सगळं चालू असताना मी समोरच्या खातेदाराला मुदत ठेवीचा व्याजदर सांगत असायचो. ओठाच्या आत चुरचुरायला लागलं की मग कळायचं, खाल्ली वाटतं आपण.

अकरा वर्षं हे चाललं. मधे चार वेळा सोडली. पाडव्याला सोडली, आषाढीला सोडली, मुलगी झाली तेव्हा सोडली, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी आरशात गालाच्या आतला पांढुरका चट्टा दाखवला तेव्हा सोडली. सगळ्यांत जास्त टिकली ती नऊ दिवस. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून पुडीला हात लावला नाही, अशी माणसं माझ्या गावात आहेत. मी त्यांना मानतो. माझं तसं झालं नाही.

पाचव्या खेपेला एक गोष्ट ध्यानात आली. निर्धार मी रात्री साडेनऊला करायचो, जेवून, पोट भरलेलं असताना, अंगणात खुर्ची टाकून. सवय मात्र सकाळी अकराला, काउंटरवर, हातात उगवायची. दोघांची गाठच पडत नव्हती. स्वसंमोहनाचा उपयोग मला झाला तो ही गाठ घालून देण्यापुरता. शांत बसून अकराचा तो क्षण मनात उभा करायचा आणि हाताला दुसरी वाट इतक्या वेळा दाखवायची की खरे अकरा वाजतील तेव्हा ती त्याच्या ओळखीची असेल. नाटकाच्या तालमीत याहून वेगळं काय करतात? खालची पद्धत याच अंगाने मांडली आहे. उदाहरण तंबाखूचं आहे. नखं खाणं, ओठांची सालं काढणं, रात्री मोबाइल चाळत राहणं यांनाही थोड्या फरकाने लागू पडते.

आधी थोडं संमोहनाबद्दल

संमोहन म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मंडपातला कार्यक्रम आठवतो. स्टेजवर आठ-दहा पोरं, त्यातला एक कच्चा कांदा सफरचंद समजून खातोय आणि खाली बसलेले त्याचे मित्र शिट्ट्या वाजवताहेत. त्यातून दोन समज पक्के होतात: संमोहनात झोप लागते, आणि आपला ताबा दुसऱ्याच्या हाती जातो.

झोपेचा घोळ नावातच आहे. जेम्स ब्रेड नावाचा स्कॉटिश सर्जन मँचेस्टरला होता. १८४१ मध्ये त्याने असले प्रयोग पाहिले, आधी त्याचा विश्वास बसला नाही, मग स्वतः करून पाहिले आणि झोपेसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘हिप्नॉटिझम’ म्हणू लागला. १८४७ पर्यंत त्याच्याच लक्षात आलं होतं की ही झोप नव्हे, एकाच कल्पनेवर मन खिळलेलं असतं. त्याने दुसरं नाव सुचवून पाहिलं, पण तोवर पहिलं सगळीकडे झालं होतं.

एकाच गोष्टीवर मन खिळणं आपल्याला नवीन नाही. कीर्तन रंगलं की मांडी अवघडल्याचं कळत नाही. एसटीत खिडकीशी विचारात बसलो की आपला थांबा मागे पडतो. स्वसंमोहनात हीच अवस्था ठरवून आणायची आणि तिच्यात असताना स्वतःला एक नेमकी सूचना द्यायची, बस. ताबा जात नाही. मधेच दारावरची बेल वाजली तर तुम्ही उठून दार उघडाल.

आता खरंखुरं सांगायचं तर, नुसत्या संमोहनाने व्यसन सुटतं याला भक्कम आधार नाही. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये धूम्रपानावरच्या १४ चाचण्या तपासल्या. इतर मदतीपेक्षा संमोहन सरस ठरतं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यामुळे ‘एका बैठकीत व्यसनमुक्ती’ अशी पाटी दिसली तर पैसे खिशातच ठेवा. मी इथे संमोहन वापरतो ते दुसऱ्या, जास्त तपासून पाहिलेल्या उपायांना टेकू म्हणून.

कोणी एकट्याने करू नये

रोज दारू घेणाऱ्याने हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. सवयीच्या शरीराला दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. तिथे आधी डॉक्टर. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. ज्यांना कानात आवाज येतात, भास होतात किंवा जुन्या आघाताच्या आठवणी डोळे मिटले की अंगावर येतात, त्यांनी मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. कोणाशी बोलायचं कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तिखट झोंबत असेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर पुढचं वाचण्याआधी दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

पहिला आठवडा: सोडायचं नाही, फक्त हजेरी घ्यायची

ही पायरी सगळे टाळतात, आणि मला विचाराल तर निम्मं काम इथेच होतं. सात दिवस सवय कमी करायची नाही. चालू द्यायची. खिशात छोटी वही ठेवायची आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, त्याआधीच्या मिनिटात काय झालं, आणि पहिली हालचाल कोणती झाली.

चौथा रकाना महत्त्वाचा. ‘तंबाखू खाल्ली’ असं लिहू नका. सवयीची सुरुवात त्याच्या बरीच आधी होते. माझ्या वहीत सुरुवातीला ‘पुडी काढली’ असं आहे, मग तिसऱ्या दिवशी ‘हात खिशावर’, आणि सहाव्या दिवशी ‘जीभ खालच्या ओठाच्या आत फिरली’. म्हणजे हात निघायच्याही आधी जीभ जागा झाडून ठेवत होती! अकरा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. नखं खाणाऱ्यांना असंच आढळतं की तोंडाकडे जाण्याआधी अंगठा बाकीच्या नखांवरून फिरतो, कुठे खरबरीत कड सापडते का ते पाहतो.

आठवड्याने वही वाचली. दिवसाला सरासरी तेरा-चौदा बार. मी स्वतःला सहा-सात खाणारा समजत होतो. पण त्या तेरांतले नऊ फक्त तीन ठिकाणचे निघाले: अकराचा काउंटर, दुपारच्या डब्यानंतरचा कट्टा, आणि संध्याकाळी मोटारसायकलला किक मारण्याआधीचा. बाकीचे चार इकडेतिकडे विखुरलेले. सगळ्या सवयीशी एकदम लढायचं कारण उरलं नाही. तीन प्रसंग हाताळायचे होते.

अकरा का, याचंही उत्तर वहीतच मिळालं. सकाळी नवाला घरून निघताना एक बार असायचा. निकोटिन शरीरात साधारण दोन तासांत निम्मं होतं. त्यात चुन्याने ते तोंडाच्या अस्तरातून लवकर रक्तात जातं, म्हणून तर मळताना चुना लागतो. चढतं लवकर, उतरतं लवकर, आणि अकराला हात उठतो.

हाताला दुसरं काम

१९७३ मध्ये नेथन ॲझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नखं खाण्यासारख्या सवयींवर एक सरळ पद्धत मांडली. सवयीची पहिली हालचाल ओळखायची आणि तिच्याजागी अशी दुसरी हालचाल करायची की दोन्ही एका वेळी करताच येणार नाहीत. मूठ मिटलेली असताना नख खाता येत नाही. ती एक ते तीन मिनिटं धरून ठेवायची.

तुमची पर्यायी हालचाल निवडताना एवढं पाहा: चारचौघांत करता आली पाहिजे, त्यासाठी काही शोधावं लागता कामा नये, आणि ती जुन्या हालचालीसारखी दिसता कामा नये.

शेवटचा मुद्दा मी चुकून शिकलो. जुनी, दोन्हीकडून उघडणारी डबी होती. एका बाजूची तंबाखू आणि दुसऱ्या बाजूचा चुना धुऊन काढला, तिच्यात बडीशेप आणि ओवा भरला आणि स्वतःवर खूश झालो. पहिल्याच दिवशी डबी उघडली, तळहातावर बडीशेप घेतली आणि अंगठा ती मळायला लागला. दुपारपर्यंत मी शेजारच्या शिपायाकडे चिमूट मागितली होती. डबी तीच, झाकणाचा टक्‌ आवाज तोच, मग हाताने तेच करायचं नाही तर काय? डबी टाकून दिली. त्याऐवजी काउंटरवर पाण्याची बाटली ठेवली: अंगठा तर्जनीवर टेकवायचा, हात खाली, बाटली, दोन घोट. मग वाटलं तर एक लवंग, कागदात गुंडाळलेली, पँटच्या खिशात. शर्टाचा खिसा रिकामा.

सुपारी पर्याय म्हणून घेऊ नका. सुगंधी, भाजकी, कुठलीही. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी कर्करोगाला कारण होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हटलेलं आहे. तंबाखू सोडून सुपारीवर आलेले बरेच जण मी पाहिलेत, आणि ते स्वतःला सुटलेले समजतात.

सूचनेचं वाक्य

आता संमोहनात सांगायचं काय, ते आधी कागदावर लिहा. बसल्यावर सुचेल ते बोलू असं केलंत तर मन भाषण द्यायला लागतं.

‘मी तंबाखू खाणार नाही’ हे वाक्य बाद. १९८७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आत्ता तुमच्याही डोळ्यांपुढे तंबाखूच्या जागी अस्वल आलं असेल. जे नको त्याचं नाव वाक्यात घेतलं की तेच समोर येतं. म्हणून जे करायचं ते लिहा.

दुसरं, वाक्यात प्रसंग हवा. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं बरंच काम यावर आहे: ‘मी व्यायाम करीन’ यापेक्षा ‘जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन’ असं ठरवणारे लोक ते जास्त वेळा पार पाडतात. माझं वाक्य असं होतं:

‘गर्दी ओसरली आणि हात उठला, की अंगठा बोटाला टेकतो आणि हात बाटलीवर जातो.’

यात मनोबल नाही, निश्चय नाही, ‘मी एक सशक्त व्यक्ती आहे’ वगैरे नाही. हाताला कळेल असं वाक्य आहे. आणि ते माझ्या घरच्या बोलीत आहे. पुस्तकी मराठीत स्वतःला सूचना देऊन पाहा, कोणी तरी ऑफिसचं परिपत्रक वाचून दाखवतंय असं वाटतं. तुमच्या घरी ‘हात उठला की’ ऐवजी ‘हात वर ग्येला का’ म्हणत असतील तर तसंच लिहा.

कारणाचंही एक वाक्य जोडायचं असेल तर न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांची १९७० मधली मांडणी चांगली आहे. ते सिगारेट ओढणाऱ्यांना स्वसंमोहनात तीन गोष्टी म्हणायला शिकवत: धूर माझ्या शरीराला विष आहे, जगायला मला हे शरीर लागतं, आणि त्याची राखण करणं माझ्याकडे लागतं. सगळा भर राखणीवर. मी त्याचं एवढंच केलं: ‘हे तोंड माझं आहे, याची राखण मी करतो.’

आईचं उदाहरण वेगळं. तिला मशेरीची सवय, तव्यावर भाजून घरीच करायची, पन्नास वर्षांची. सूचना मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायची (ते पुढे सांगतो), त्याला ती तयार नव्हती. मग तिला एमिल कुए यांची युक्ती सांगितली. फ्रान्समधला हा औषधविक्रेता शंभर वर्षांपूर्वी लोकांना वीस गाठींची दोरी द्यायचा. झोपताना आणि उठताना एकेका गाठीवर एकेकदा वाक्य पुटपुटायचं, जोर न लावता. आई म्हणाली, ‘मग माळ काय वाईट?’ तिने जपमाळेवर, देवाचं नाव झाल्यावर, वीस मणी या वाक्यासाठी ठेवले: ‘तांब्या हातात आला की मी ब्रश उचलते.’ दिवसातून चार वेळांवरून ती एकावर आली. पहाटेची एक काही सुटली नाही.

रात्रीची तालीम

पंधरा मिनिटं, रोज एकाच वेळी. मी रात्री साडेनऊची वेळ घेतली, निर्धाराचीच. खुर्चीत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. आडवं पडलं की झोप लागते आणि झोपेत तालीम होत नाही. मोबाइल विमान मोडवर. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या मिनिटाला कोणीतरी गॅस संपल्याचं सांगायला येतं.

समोरच्या भिंतीवर नजरेच्या थोडं वर एक ठिपका निवडा. डोकं न उचलता फक्त डोळे वर करून त्याच्याकडे बघत राहा. मिनिटाभरात पापण्या जड होतात, मिटू द्या. यात काही गूढ नाही, वर बघून डोळ्यांचे स्नायू दमतात.

मग पायापासून वर या. पावलं पाच सेकंद आवळा, सोडा. पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. आवळून सोडण्याची ही रीत शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात बसवली. तंबाखू खाणाऱ्याने जबड्यावर दोनदा थांबावं, जीभ टाळूपासून सुटून खाली सैल पडू द्यावी. ज्यांना आवळल्यावर पेटके येतात त्यांनी नुसतं मनात म्हणावं, ‘उजवा हात जड आहे, उजवा हात ऊबदार आहे.’ जर्मनीत योहान्स शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीची सुरुवात अशी होते.

इथून पुढचं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आवाज मुद्दाम खोल काढू नका. वाक्यांमध्ये दोन श्वासांची जागा सोडा. माझं असं होतं, तुम्ही तुमच्या जागा, तुमच्या वस्तू घाला:

‘मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभा आहे. खाली नदी संथ आहे. दहा. पायाला दगड गार लागतो. नऊ. खांदे खाली आले. आठ. श्वास आपला आपण चाललाय. सात. सहा. पाण्याचा वास येतोय. पाच. हात जड आहेत. चार. तीन. दोन. एक. मी शेवटच्या पायरीवर बसलो. पाय पाण्यात आहेत.

‘आता अकरा वाजलेत. काउंटर. वरती पंखा कुरकुरतोय. खातेदार पावती घेऊन वळला. जीभ ओठाच्या आत फिरली. उजवा हात उठतोय. उठू दे. मला तो दिसतोय. अंगठा बोटाला टेकला. हात खाली आला, बाटलीवर गेला. बाटली गार आहे. एक घोट. दुसरा घोट. तोंड स्वच्छ आहे. हात टेबलावर मोकळा पडलाय. मी पुढचं पासबुक ओढतो.

‘परत. खातेदार वळला. हात उठतोय...’

हा प्रसंग तीनदा. तिसऱ्यांदा तल्लफ मुद्दाम वाढवा: व्यवस्थापक ओरडून गेलाय, शेजारचा मळतोय, वास येतोय. तरीही हात तीच वाट धरतो. तालमीत सोपा प्रसंगच करत राहिलात तर खऱ्या दिवशी कठीण प्रसंग नवखा वाटेल.

मग वर या: ‘एक, दोन, हातापायात जोर येतोय, तीन, चार, डोळे उघडतील, पाच.’ हात ताणा, पाणी प्या, दोन मिनिटं बसूनच राहा. हे रेकॉर्डिंग गाडी चालवताना कधीही लावू नका.

पहिल्या चार-पाच रात्री काहीच होत नाही असं वाटेल. लाइटबिल भरायचं राहिलंय, हे नेमकं सातव्या पायरीवर आठवेल. आठवू द्या, सातव्यावरून पुढे उतरा. संमोहनात सगळेच सारखे जात नाहीत. काहींना चित्रं लख्ख दिसतात, काहींना अजिबात नाही. मला घाट कधीच नीट दिसला नाही, पण बाटलीचा गारपणा बोटांना कळायचा. ज्याला जे जाणवतं ते धरावं. खोल जाण्याच्या नादी लागू नये.

सोडण्याचा दिवस आणि पुढचे तीन

आठवडाभर हजेरी, मग आठवडाभर तालीम आणि खाणं चालूच, आणि पंधराव्या दिवशी बंद. सोमवार टाळा. मी गुरुवार घेतला: दोन दिवस कामाचे, मग शनिवार-रविवार घरी चिडचिड करायला मोकळे. घरात, गाडीच्या डिकीत, जुन्या पँटच्या खिशात कुठेही पुडी राहू देऊ नका. पावसाळी जॅकेटमध्ये एक सापडतेच.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. डोकं जड, झोप तुटक, पोट साफ होत नाही, बायको-मुलांवर विनाकारण आवाज चढतो. हे निकोटिन तुटल्याचं आहे. तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. याच्यासाठी संमोहनावर विसंबू नका. डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगगम घ्या. तो साध्या गमसारखा चावत सुटायचा नसतो: हळूहळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात ठेवायचा, गेल्या की परत. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. तंबाखूमुक्तीसाठी सरकारची मोफत फोनसेवाही आहे, १८००-११-२३५६.

दिवसा तल्लफ आली की डोळे मिटून पायऱ्या उतरायला वेळ नसतो. तिथे अंगठा बोटाला टेकवायची ती खूण कामाला येते. रात्रीच्या तालमीत ती प्रत्येक वेळी जोडलेली असल्याने, नुसती केली तरी खांदे जरा खाली येतात. सोबत घड्याळ बघा. अमेरिकेतले व्यसनतज्ज्ञ ॲलन मार्लाट रुग्णांना सांगत की तल्लफ लाटेसारखी येते, चढते, फुटते. तिच्याशी झटापट न करता तिच्यावर तरंगत राहायचं. मी वहीत वेळा लिहिल्या. गुरुवारी अकराला आलेली लाट सात मिनिटांची होती. डब्यानंतरची अकरा. शनिवारी सकाळची चार. तल्लफ संपते, याचा आकडा स्वतःच्या अक्षरात समोर असला की पुढच्या वेळी घाबरायला होत नाही.

कट्ट्यावरच्या मित्रांना मी काही दिवस टाळलं. वाईट वाटलं त्यांना. एकाने तर माझ्यासमोरच मळून, ‘बघ, वास तरी घे,’ म्हणत हात पुढे केला. असा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याचाही प्रसंग रात्रीच्या तालमीत घाला, त्याच्या आवाजासकट.

घसरलात तर

मी बाविसाव्या दिवशी घसरलो. मोटारसायकल पंक्चर, पाऊस, टपरी. एक बार खाल्ला. जुन्या हिशेबाने इथेच सगळं संपलं असतं, कारण ‘मोडलंच आहे तर’ हे वाक्य लगेच हजर होतं. या वेळी घरी येऊन वही उघडली आणि चार रकाने भरले. टपरीचा प्रसंग माझ्या तीन ठिकाणांत नव्हताच, त्याची तालीमच झाली नव्हती. त्या रात्री रेकॉर्डिंगमध्ये पाऊस आणि टपरी घातली.

एकवीस दिवसांत सवय बदलते, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याचं मूळ एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. रुग्णांना स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, नवी सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागलेले दिसले. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात आढळलं. माझी रोजची तालीम तीन महिने चालली, नंतर आठवड्यातून एकदा.

नखं आणि मोबाइल

नखांसाठी: कडा रोज रात्री घासून गुळगुळीत करा, म्हणजे अंगठ्याला सापडायला काही उरत नाही. पर्यायी हालचाल मूठ मिटणं किंवा पेन घट्ट धरणं, मिनिटभर. मुलांना हे शिकवताना ‘खाऊ नकोस’ हे घरात बंद करावं लागतं. माझ्या भाचीला आम्ही पायऱ्यांऐवजी कासव दिलं: कासव हातपाय आत घेतं तशी बोटं मुठीत जातात. ती आठ वर्षांची होती. मुलं या बाबतीत मोठ्यांपेक्षा लवकर रंगतात.

मोबाइलचं दुखणं असं की त्याची पहिली हालचाल कामाचीही असते. तिथे तालमीपेक्षा चार्जरची जागा बदलणं जास्त उपयोगाचं. चार्जर स्वयंपाकघरात, गजराचं घड्याळ उशाशी, आणि वाक्य: ‘दिवा बंद केला की हात पांघरुणात जातो.’

सहा वर्षं झाली आता. पतसंस्था सुटली, काउंटर सुटलं. पण गावच्या जत्रेला, देवळामागे म्हातारी मंडळी बसतात तिथे, तळहातावरची ती थाप ऐकू आली की जीभ अजून ओठाच्या आत फिरते. म्हणून जत्रेच्या आधीचा आठवडा मी रात्री साडेनऊला परत खुर्ची टाकतो आणि देवळामागची जागा, थापेचा आवाज, शेजारी बसलेले आबा, सगळं घालून तीन-तीनदा तालीम करतो. निघताना पाण्याची बाटली भरून घेतो.